रेषांचा सराव: जाळी उरकली, आता तिरप्या रेषा

अमूर्त चित्रकार नसरीन मोहमदींची रेखाटनं समोर ठेवून चालवलेल्या सरावातला जाळीचा भाग एकदाचा उरकला. उभ्या-आडव्या रेषा आता हाताला बऱ्यापैकी सवयीच्या झाल्यात. तिरप्या मात्र वेगळंच प्रकरण आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: जन्म १९३७, कराची. लहानपणीच कुटुंब मुंबईला आलं. पुढे लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण, मग पॅरिस. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये स्टुडिओ. तिथल्या गोतावळ्यात त्यांच्यावर सगळ्यांत जास्त छाप पडली ती अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांची. १९७२ पासून १९९० मध्ये जाईपर्यंत त्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकवत होत्या. त्याच बडोद्यात गुलाम मोहम्मद शेख, भूपेन खख्खर माणसांच्या गोष्टी रंगवत होते, आणि ह्या बाई ड्राफ्टिंग टेबलावर वाकून कागदावर नुसत्या रेषा ओढत होत्या! चित्रांना नाव नाही, बहुतेकांवर तारीखही नाही. त्यामुळे कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, हे रेषा बघूनच ताडायचं.

आता कामाचं. रेषा आखायचं रुलिंग पेन म्हणजे दोन पाती, मधे शाईचा थेंब, बाजूला स्क्रू. स्क्रू जरा पिळला की रेष केसासारखी, सैल सोडला की जाड. पट्टीची उतरती कड खाली करून ठेवायची, म्हणजे शाई पट्टीखाली ओढली जात नाही. पेन टेकवायच्या आधीच हात चालता हवा. टेकवून थांबलात की सुरुवातीलाच गाठ. पावसाळी हवेत साध्या कार्ट्रिज कागदावर शाई फुटते, म्हणून गुळगुळीत कागद घेतला आहे.

तिरप्या रेषांत खरी मेख अंतराची आहे. गुण्या (सेट स्क्वेअर) सरकवत समांतर रेषा कुणीही ओढेल. नसरीनच्या कागदावर त्या एका टोकाला दाटतात, दुसऱ्या टोकाला विरळ होतात, मधेच शाई फिकी पडते, आणि कागदाचा मोठा भाग कोराच राहतो. मी अंतर दर रेषेला थोडं थोडं वाढवत नेलं, तेव्हा पट्टा कागदातून बाहेर झुकल्यासारखा दिसायला लागला. सारखं अंतर ठेवलं की नुसती चटई.

त्यांना ‘भारताच्या अ‍ॅग्नेस मार्टिन’ म्हणतात ते मला आळशीपणाचं वाटतं. मार्टिन ही जाळ्या रंगवणारी अमेरिकन चित्रकार; तिचे कॅनव्हास बहुतेक सहा फुटी, आणि त्यांत अशी झेप घेणारी तिरपी रेष शोधून सापडायची नाही. नसरीनचं काम बोर्डावर मावणारं. तिरप्याचा उगम मला त्यांच्या फोटोंत दिसतो: फतेहपूर सिक्रीची फरसबंदी, रस्त्यावरचे पट्टे, सावल्या. हे फोटो त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. आणि अलिबागजवळच्या किहीमचा किनारा तर होताच. नसरीन गेल्या त्याही तिथेच, ५३ व्या वर्षी.

शेवटच्या वर्षांत चेतासंस्थेच्या आजाराने हालचालींवरचा ताबा सुटत होता, तरी रेषा बारीकच राहिल्या. यावर लोक ‘जिद्द’ म्हणून मोकळे होतात. मला त्यात अवजारांवरची वर्षानुवर्षांची पकड जास्त दिसते.

पुढचा टप्पा त्यांच्या ऐंशीच्या दशकातल्या तरंगत्या कमानींचा. त्यासाठी कंपासला लागणारं रुलिंग टोक हवं आहे. जुन्या ड्रॉइंग पेटीतलं कुणाकडे पडून असेल तर सांगा. नवं मिळतं त्याची पाती मऊ असतात.