उन्हासोबत सरकणारी खुर्ची

दिवाळी झाली की लगेच थंडी येते असं काही आमच्याकडं नसतं, मधे आभाळ येतं, दोन दिवस उकडतं, तुरीवाले कपाळाला हात लावून बसतात आणि मग एका सकाळी अंगणातल्या बादलीत हात घातला की कळतं, आली बाबा एकदाची. धाराशिवात ही मजा डिसेंबर-जानेवारी, लईच झालं तर संक्रांतीनंतर पंधरा दिवस. पुढं ऊन आहेच की जूनपर्यंत, आणि टँकरपण. म्हणून या दोन महिन्यात मी सकाळी घरात थांबतच नाही.

आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तर सातलाच स्वेटर आणि कानटोपी चढवून प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागच्या अंगणात. ऊन सरकलं की खुर्ची सरकते. भिंतीपासून सुरुवात आणि अकरापर्यंत पार पेरूखाली. मी आत भांड्यात असले की ओरडतात, "काय करायलीस गं आत, ये की उन्हाला."

बाग म्हणजे काय, घरामागची जेमतेम दोन-तीन खोल्यांएवढी जागा, पण या दिवसात ती जे काही देते ना! मेथी टाकली की चौथ्या-पाचव्या दिवशी वर, शेपू, पालक, कांद्याची पात, कुंपणावर वाल. येळवसच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाच्या, भज्जीला शेंगा इथल्याच जातात, बाकी तूर-हरभरा शेतातला. कढीपत्ता मात्र रुसून बसतो, पालवीच धरत नाही, आणि तुळस काळवंडते म्हणून आत्याबाई रात्री तिच्यावर जुनं लुगडं टाकतात.

शेवंतीची गंमत सांगायची राहिली. गेल्या वर्षी मागच्या कुंड्या भरभरून फुलल्या आणि गेटजवळच्या नुसत्या पानं काढत बसल्या, मी खत घातलं, पाणी कमी केलं, काही नाही. मग कळलं की शेवंतीला कळी धरायला लांब अंधारी रात्र लागते आणि आम्ही चोराच्या भीतीनं गेटवरचा एलईडी रात्रभर चालू ठेवायचो! यंदा बल्ब बंद. कळ्या आल्यात, चोर अजून नाही.

आणि एक पाहुणा येतो, थिरथिरा. चिमणीएवढा, काळसर, पोट विटकरी, कंपाऊंडवर बसला की शेपूट अशी थरथरते की याच्याच अंगात हुडहुडी भरलीय वाटतं. गडी तिकडं हिमालयाकडचा, आमच्या थंडीला थंडी म्हणतही नसेल.

रविवारी येडशीच्या रामलिंगला गेलो, गाडीवर वीसेक किलोमीटर, घाटात बोटं पार बधिर. १९९७ पासून अभयारण्य आहे, साधारण २२ चौरस किलोमीटरचं, पण लोकांना माहीत ते मंदिर आणि पावसाळ्यातला धबधबा. माझं म्हणणं, जावं तर आत्ताच. गर्दी नाही, सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात, झाडं विरळ झाल्यानं पलीकडची दरी दिसते. २०२४ च्या डिसेंबरात तर इथं कॅमेऱ्यात वाघ सापडला, थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला! तेव्हापासून पान वाजलं की आमचे हे मागं वळून बघतात आणि मला म्हणतात घाबरू नको.

वाघ काही दिसला नाही. दिसली ती वानरं, मंदिराजवळच्या कठड्यावर ओळीनं, उन्हाकडं तोंड करून, हात गुडघ्यावर, डोळे अर्धे मिटलेले. झाडाची सावली त्यातल्या एका म्हातारीच्या अंगावर आली तशी ती बसल्या बसल्याच हातभर पलीकडं सरकली.

घरी येऊन आत्याबाईंना हे सांगितलं. खुर्ची पेरूखाली पोचली होती. त्या बोरं खात होत्या, बी थुंकून म्हणाल्या, "मग? त्यांना काय थंडी वाजत नाही व्हय?"