तूत्तुकुडी मॅकरून, बॅच ५: टोक जमलं, पोट नाही

मंडळी, पाचवी बॅच काल रात्री निघाली. टोकं यावेळी मस्त उभी राहिली, बाहेरून कडक, पण मोडला की आतून चिकी ओढल्यासारखी तार निघते.

नवीन लोकांसाठी: कॉलेजच्या बेकरी प्रोजेक्टला घरचा वारसा सांगणारा एक पदार्थ करायचाय. आम्ही मूळचे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तूत्तुकुडीचे, मी मात्र जन्मापासून पिंपरीची, तमिळ समजतं, बोलते मोडकंतोडकं, वाचायचं तर नावच नको. म्हणून हा मॅकरून घेतला. तो रंगीत फ्रेंचवाला नाही आणि नारळाचाही नाही हो, नुसता अंड्याचा फेटलेला पांढरा, साखर आणि काजू. १६व्या शतकात पोर्तुगीज त्या किनाऱ्यावर आले, त्यांच्याकडे असली मिठाई बदामाची, तिकडे बदामाऐवजी काजू आला, आणि काजूचं झाड भारतात आणलं तेही पोर्तुगीजांनीच. त्यामुळे मी वेंगुर्ल्याचा तुकडा काजू वापरतेय त्याचं फार वाईट वाटून घेत नाही :)

आता गंमत. फॉर्मवर मी "आजीची पारंपरिक कृती" असं ठोकून दिलं आणि मग आच्चीला (आजीला) फोन केला, तर ती हसतच सुटली, हे घरी कोण करतं गं, बेकरीतून आणायचं असतं! झालं, फॉर्मवर खाडाखोड. पण मग तीच बोलत बसली, आजोबा मिठागरात होते, पगाराच्या दिवशी पुडी यायची, पोरांना माणशी दोन, आणि ती स्वतः तळाशी राहिलेला चुरा खायची. हे अप्पांनाही माहीत नव्हतं.

मावसभावाने तिकडून एक पाकीट पाठवलं, चवीची तुलना करायला. त्यावरचं तमिळ लावायला बसले, अक्षरावरचा टिंब मी आपल्या सवयीने अनुस्वार धरला आणि मोठ्याने वाचलं, "मकंरूनं". अप्पा लोळायचे बाकी होते. तो टिंब म्हणजे आपला पाय मोडतो तसा, अक्षरातला स्वर काढून टाकतो. म्हणजे साधं "मक्रून".

कालचं माप: पांढरा १०० ग्रॅम (३ अंडी), पिठीसाखर २०० ग्रॅम, काजू २०० ग्रॅम. काजू मिक्सरला थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला की तेल सुटतं आणि फेस बसतो, दुसरी बॅच तशीच गेली. १४० डिग्रीला २० मिनिटं, मग १०० ला एक तास. माझ्या मते चूक इथेच आहे, मी लगेच बाहेर काढले आणि बाहेर जुलैचा पाऊस, साखरेने हवेतलं पाणी ओढून घेतलं. पुढच्या वेळी १०० ला दीड तास, मग ओव्हन बंद करून रात्रभर आतच ठेवणार आणि सकाळी थेट डब्यात.

आच्चीला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली दिसतोय बरा, फोनजवळ धर आणि मोड. मोडला.

"सत्तमे इल्लै." आवाजच नाही.

बॅच ६ रविवारी.