तुम्ही विचारलंत म्हणून : विंडसर्फिंग करताना मोठ्या लाटांत कधी उतरावं?

हा प्रश्न विचारणाऱ्याची तयारी बहुतेक वेळा सारखीच असते. सपाट पाण्यावर शिडाचा बोर्ड पळवता येतो, फूटस्ट्रॅपमध्ये (बोर्डावरच्या पट्ट्यांत) पाय घालून हार्नेसवर (शिडाला हुकाने अडकणाऱ्या कमरपट्ट्यावर) भार टाकता येतो, वॉटरस्टार्ट, म्हणजे पाण्यात पडल्यावर शिडातल्या वाऱ्याच्या ओढीने पुन्हा बोर्डावर उभं राहणं, दहापैकी आठ वेळा जमतो. आता लाटा हव्या असतात, आणि त्या जमल्या की किनाऱ्याकिनाऱ्याने दोन दिवसांची सफरही. दोन्हींसाठी माझं सांगणं एकच आहे. किनाऱ्याला परत कुठे आणि कसं लागायचं ते आधी ठरवा. बाहेर पडण्याचा विचार त्यानंतर.

वॉटरस्टार्टपासूनच बघा. दहापैकी आठ हे प्रमाण सपाट पाण्यावर उत्तम आहे, लाटांत ते पुरत नाही. लाटा फुटतात त्या पट्ट्यात पडलात, तर पुढची लाट येईपर्यंत सात-आठ किंवा फार तर चौदा-पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्यात शीड मोकळं करून, बोर्डाचं नाक फिरवून उभं राहायचं असतं, तेही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी. ज्या बाजूचा वॉटरस्टार्ट कच्चा आहे, नेमका त्याच बाजूला तो करावा लागतो, कारण परत येताना वारा उलट्या अंगावर असतो. म्हणून आधी खोल पाण्यात, लहान लाटांवर, दोन्ही बाजूंचा वॉटरस्टार्ट घड्याळ लावून घोटा. दहा सेकंदांच्या आत सातत्याने जमला की पुढचं बोलू.

अंदाज वाचताना सगळ्यांचा डोळा लाटेच्या उंचीवर असतो. मी आधी पीरियड बघायला सांगेन, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत जाणारे सेकंद. लाटेची ताकद साधारण उंचीचा वर्ग गुणिले पीरियड या हिशेबाने वाढते. दीड मीटर उंचीची ७ सेकंदांची लाट आणि दीड मीटरचीच १४ सेकंदांची लाट कागदावर सारखी दिसते, पण दुसरीत दुप्पट जोर असतो. शिवाय खोल समुद्रात लाटेची लांबी पीरियडच्या वर्गाला १.५६ ने गुणलं की मीटरमध्ये मिळते. ७ सेकंदांची लाट सुमारे ७६ मीटर लांब, १४ सेकंदांची तीनशेच्या वर. लांबीच्या निम्म्या खोलीपासून लाटेला तळ लागायला लागतो, म्हणजे मोठी स्वेल (दूरच्या वादळातून आलेली लाट) दीडशे मीटर खोलीपासूनच वळायला लागते. ती भूशिरांवर एकवटते, खाडीच्या आतल्या अंगाला पसरून मंदावते, आणि उथळ पाण्यात आली की छोट्या पीरियडच्या लाटेपेक्षा जास्त उंच उठते.

अंदाजात दिलेली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी. दोन-तीन तासांत एखादी लाट त्याच्या पावणेदोन ते दोन पट येणारच. ती अपवाद नाही, ती हिशेबातच असते.

यातच एक सापळा आहे. लांब पीरियडच्या लाटा झुंडीने येतात आणि दोन झुंडींमध्ये मोठी उघडीप असते. पाच मिनिटं उभं राहून पाहणाऱ्याला समुद्र शांत वाटतो, तो उतरतो, आणि बरोबर मध्यावर असताना झुंड येते. म्हणून किनाऱ्यावर उंच जागा गाठून निदान वीस मिनिटं बसा. स्थिर खडकासारखी एखादी खूण धरा, तिच्यावरून अकरा शिखरं जायला लागलेला वेळ मोजा आणि दहाने भागा. पीरियड हातात येतो. लाटा कुठे फुटत नाहीत तेही बघा. फेसाच्या दोन पट्ट्यांमध्ये गडद, खळबळलेलं, समुद्राकडे ओढ घेणारं पाणी दिसलं तर तो बाहेर जाण्याचा मार्ग आहे. परत येताना मात्र तो टाळायचा.

वारा किनाऱ्याला समांतर, किंवा किंचित किनाऱ्याकडे झुकलेला असावा. सरळ किनाऱ्याकडे येणारा वारा असेल तर बाहेर पडताना दमछाक होते. समुद्राकडे जाणाऱ्या वाऱ्यात लाटा सुंदर, गुळगुळीत असतात, म्हणूनच शिकणाऱ्याला त्याचा मोह पडतो. पण त्यात मास्ट (शिडाची उभी काठी) मोडला तर तुम्ही आणि बोर्ड दोघंही समुद्राकडे वाहत जाता. पहिल्या काही वेळा १८ ते २२ नॉट (ताशी सागरी मैल) वारा आणि कमरेएवढी लाट एवढंच घ्या.

बोर्डाच्या लिटरबद्दल, म्हणजे आकारमानाबद्दल (एक लिटर साधारण एक किलो तोलतो), खूप गोंधळ असतो, म्हणून जरा हिशेब करू. चालवणारा ७५ किलोचा. मास्ट, बूम (शीड धरायची आडवी दांडी) आणि शीड मिळून आठ-नऊ किलो, बोर्ड सात, भिजलेला सूट आणि हार्नेस तीन. एकूण ९३-९४. म्हणजे ९४ लिटरचा बोर्ड तुम्हाला जेमतेम पाण्याच्या पातळीवर तोलून धरतो. उंच लाटांच्या मधल्या खोलगटात वारा अडतो, शीड ढिलं पडतं, आणि नेमकं तेव्हाच पुढची लाट समोर असते. त्या क्षणी बोर्ड बुडायला लागला तर काही करता येत नाही. म्हणून लाटांसाठीचा पहिला बोर्ड तुमच्या वजनापेक्षा २० लिटर तरी जास्त असावा. वजनाएवढ्याच लिटरचा बोर्ड कुशल लोकांच्या पायाखाली छान वळतो, पण ती कुशलता तरंगणाऱ्या बोर्डावरच येते.

फूटस्ट्रॅपचा शोध १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हवाई बेटांवर, काइलुआच्या लाटांत लागला, कारण त्याशिवाय बोर्ड हवेत पायाखालून निसटायचा. तेच पट्टे आज घोटे मुरगळण्याचं मोठं कारण आहेत. पाऊल साधारण अर्ध्यापर्यंतच आत जायला हवं. पट्टा एवढा मोठा की पाऊल घोट्यापर्यंत शिरतं, तर पडताना बोर्ड एकीकडे वळतो आणि पाय तिथेच राहतो.

उतरण्याआधी मास्टफूटचा, म्हणजे मास्ट बोर्डाला जोडणाऱ्या भागाचा, रबरी सांधा दोन्ही हातांनी पूर्ण वाकवून बघा, सगळ्या दिशांना. सरळ असताना न दिसणारी चीर वाकवल्यावर तोंड उघडते. चीर दिसली की सांधा बदला, मग ती केसाएवढी का असेना. सांधा तुटला तर शीड आणि बोर्ड वेगळे होतात, आणि बोर्ड लाटेवर तुमच्यापेक्षा फार वेगाने पळतो. सुरक्षापट्टीची गाठ आणि फिनचे (बोर्डाखालच्या पात्याचे) स्क्रू हेही त्याच वेळी तपासा.

बाहेर जाताना बोर्डाचं नाक कायम लाटेला काटकोनात. फेसाच्या भिंतीपाशी वेग हवा, पण तिच्याआधी एक-दोन सेकंद हार्नेसचा हुक काढलेला हवा. हुक अडकलेला असताना बोर्ड थबकला की माणूस मास्टवरून पुढे फेकला जातो. गुडघे वाकवा, पुढच्या पायावरचा भार काढा, मागच्या पायाने बोर्ड जवळ ओढा म्हणजे नाक वर उठेल. फेस पायाखालून गेला की लगेच शीड ओढून वेग घ्या. नवखे नेमकं इथेच थांबतात, सुटलो म्हणून. पुढची लाट तेवढ्यात येते.

पडलात तर बोर्ड आणि किनारा यांच्या मध्ये कधीही राहू नका. तुम्ही समुद्राच्या बाजूला, सामान किनाऱ्याच्या बाजूला. मास्ट मोडतो तो बहुधा लाटेच्या माराने नव्हे, टोक तळाला टेकल्याने. लाट साधारण स्वतःच्या सव्वा पट खोलीत फुटते, म्हणजे दोन मीटरची लाट अडीच मीटर पाण्यात. मास्ट असतो ३७० ते ४०० सेंटिमीटर. लाटेने बोर्ड उचलून उलटा केला की टोक वाळूत रुततं आणि वरून सगळं वजन येतं. म्हणून लाट फुटण्याच्या पट्ट्यात शीड पाण्याखाली उभं होऊ देऊ नका, ते पृष्ठभागाजवळ आडवं ठेवा. पोहत टोकापाशी जाऊन ते धरता आलं तर सर्वांत बरं.

किनाऱ्याला लागताना लाटेच्या पाठीवरून या, तिच्या तोंडापुढून नाही. लाट फुटून विरली की तिच्यामागोमाग कमरेएवढ्या पाण्यापर्यंत या, फिन वाळूला लागण्याआधी समुद्राच्या बाजूला उतरा, एका हातात मास्ट, दुसऱ्या हातात फूटस्ट्रॅप, आणि तसेच थेट कोरड्या वाळूवर जा. गुडघाभर पाण्यात थांबून श्वास घेऊ नका.

आता सफर. तिला लाटांचा बोर्ड चालत नाही. १५० लिटरहून मोठा, डॅगरबोर्ड (मधून खाली सोडायचं पातं) असलेला लांब बोर्ड घ्या, किंवा छोटी शिडाची होडी. नकाशावर आधी निघण्याची जागा नव्हे, तर लागण्याच्या जागा टिंबांनी मांडा, साधारण दर चार-पाच सागरी मैलांवर एक. प्रत्येकीसमोर लिहा: कुठल्या दिशेच्या स्वेलला उघडी आहे, खडक कुठे, भरतीला कशी, ओहोटीला कशी. ज्या किनाऱ्याचा वरचा भाग तीव्र उताराचा आहे तिथे भरतीला लाट थेट वाळूवर आदळते; तिथे अर्ध्या पाण्याला उतरणं सोपं जातं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल तर ओहोटीचं बाहेर येणारं पाणी आणि आत येणारी स्वेल समोरासमोर भिडतात, लाटा आखूड आणि उभ्या होतात. तिथे ओहोटीत शिरू नका. उधाणाच्या दिवसांत तर नाहीच. भांगाच्या दिवसांत प्रवाह मवाळ असतात.

वेळेचा अंदाज लोक सरळ रेषेत काढतात. वाऱ्याविरुद्ध १२ मैल जायचं तर ४५ अंशांत नागमोडी जाताना ते सुमारे १७ होतात. ४ नॉट वेगाने सव्वाचार तास, प्रवाह विरुद्ध असेल तर आणखी. जाऊन परत यायचं असेल तर वाऱ्याविरुद्धचा टप्पा आधी, हात ताजे असताना. भूशिरापाशी वारा आणि प्रवाह दोन्ही वाढतात, तेव्हा ते प्रवाह थांबलेला असताना ओलांडा. खाऱ्या वाऱ्यांचा जोर दुपारनंतर असतो. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघालात तर तो समुद्राकडे नेणारा आहे हे लक्षात असू द्या.

स्वेलचा अंदाज आजचा नव्हे, उद्या संध्याकाळचा बघा. १४ सेकंदांच्या स्वेलची झुंड खोल पाण्यात सुमारे २१ नॉटने प्रवास करते. हजार मैलांवरच्या वादळाची स्वेल दोन दिवसांत तुमच्या मुक्कामाच्या किनाऱ्यावर पोचते, तिथे वाऱ्याची झुळूकही नसताना. दुसऱ्या दिवशी पीरियड वाढणार असेल, तर मुक्काम भूशिराच्या आडोशाला घ्या किंवा सफर एका दिवसाची करा.

सोबत सुट्टा रबरी सांधा, एक फिन, स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर, चार मिलिमीटरची पाच मीटर दोरी, शिट्टी, पाण्यात चालणारा व्हीएचएफ रेडिओ (संकटाची हाक चॅनेल १६ वर) आणि नोंदणी केलेला ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन (संकटात तुमची जागा कळवणारं यंत्र). हे अंगावरच्या जाकिटात ठेवा, बोर्डाला बांधलेल्या पिशवीत नाही. बोर्ड निसटला तर ती पिशवीही जाते. किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे तुमची टिंबांची यादी, शिडाचा रंग आणि दोन वेळा लिहून द्या: किती वाजेपर्यंत फोन येईल, आणि तो आला नाही तर किती वाजता त्याने तटरक्षकांना कळवायचं. दुसरी वेळ अंधार पडण्याच्या निदान दोन तास आधीची ठेवा.