पसरणी घाटाआधी ब्युटेनॉल काढा

"अडीच-तीन तासांचा तर रस्ता, टाकी कशाला रिकामी करतोस?" पुण्यातून निघताना एका जाणत्या माणसाने सांगितलं आणि मी ऐकलं. सीपीसी, म्हणजे हवेतले सूक्ष्म कण मोजणारं यंत्र, घेऊन महाबळेश्वरला निघालेल्या कुणीही हे ऐकू नये.

हे यंत्र काही नॅनोमीटरच्या कणावर आपल्या टाकीतल्या ब्युटेनॉल या अल्कोहोलची वाफ चढवून त्याचा थेंब करतं आणि तो थेंब लेझरने मोजतं. वाईपर्यंत रस्ता सरळ, काही झालं नाही. पसरणी घाटात मात्र शनिवारची गर्दी, दाट धुकं आणि प्रत्येक वळणावर करकचून ब्रेक. टाकीतलं ब्युटेनॉल हिंदकळून लेझरच्या भागात शिरलं. पाचगणीच्या अलीकडेच गाडीत त्याचा उग्र वास सुटला होता. वर पोहोचून हवेतले कण अडवणारा हेपा फिल्टर लावला. आकडा शून्यावर यायला हवा होता, तो दोनशे-तीनशेत भटकत राहिला. ब्युटेनॉल शोषून धरणारी आतली वात काढून पंपाने रात्रभर कोरडी हवा ओढली, दुसऱ्या दिवशीही तेच केलं. चार दिवसांच्या कामातले दोन असे गेले. म्हणून टाकी रिकामी करा, वात काढा, तासभर पंप कोरडा चालवा आणि मगच यंत्र गाडीत ठेवा, तेही उभंच.

गाडीचे साडेचार हजार ठरले होते. वाईत गाडी बाजूला घेऊन चालकाने "मशिनरीचे वेगळे" म्हणून आणखी दीड हजार मागितले. खोकी तो निघतानाच बघून गेला होता. घाट समोर आणि सामान त्याच्या गाडीत, मी पैसे दिले. सामानासकट भाडं आधीच मेसेजवर लिहून घ्या. शनिवार-रविवारी तर निघूच नका.

वर गेल्यावर पहिलं काम यंत्रातून जाणाऱ्या हवेचा फ्लो तपासण्याचं. पुण्यात हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, महाबळेश्वरला ८६५ च्या. मास फ्लो मीटर हवेचं वस्तुमान मोजतो; तो वर नेलात तर तेवढ्याच आकारमानाच्या फ्लोला तो सुमारे ९ टक्के कमी दाखवतो. तो आकडा पुण्यासारखा करायला कुणी झडप फिरवली की पुढची सगळी मोजणी तेवढीच चुकते. साबणाच्या बुडबुड्याचा मीटर न्या, तो खरं आकारमान मोजतो. दोन सीपीसी शेजारी ठेवून ताडून बघायचे असतील तर दोन्ही नळ्या सारख्या लांबीच्या आणि काळ्या, विद्युतवाहक रबराच्याच हव्यात. साध्या प्लॅस्टिकच्या नळीवर विद्युतभार साचतो आणि भारित कण तिच्या भिंतीलाच चिकटतात. दोन्ही यंत्रं १० टक्क्यांच्या आत जुळली तर मी पुढे जातो, नाहीतर मोजणी सुरूच करत नाही.

हवेतले आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू, मोजायच्या गर्डिन कंडेन्सरने (मधोमध दांडा असलेली नळी) वेगळाच घाम काढला. घनसेंटीमीटरला ५०० आयन आणि मिनिटाला १० लिटर हवा धरली, तर हाती येणारा प्रवाह १३ फेम्टोअँपिअर. एवढ्याशा प्रवाहाला विद्युतरोधक टेफ्लॉनवरचा बोटाचा एक ठसासुद्धा पळवाट देतो. तिसऱ्या पहाटे आकडे एकदम पडले. टॉर्च लावून नळीत पाहिलं तर मधल्या दांड्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याचा एकच धागा होता आणि त्यावर धुक्याचे मणी. धागा काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने टेफ्लॉन पुसलं, दोन तास वाळू दिलं, तेव्हा शून्य जागेवर आलं. वाऱ्याने केबल हलली तरी खोटा प्रवाह दिसतो, म्हणून ती कठड्याला दर वीतभर अंतरावर चिकटवा. रोज पहाटे टॉर्च घेऊन नळी बघा, यात कंटाळा करू नका. धुक्यात घेतलेले आयनांचे आकडे मी सरळ काढून टाकले, तुम्हीही टाका.

चौथा दिवस ठीक गेला.

ब्युटेनॉल पुण्याहूनच न्या, कामाला लागेल त्याच्या दुप्पट. ते झटकन पेट घेतं, तेव्हा बाटली घट्ट बंद करून डब्यात उभी ठेवा आणि गाडीची काच थोडी उघडी राहू द्या. रंगाच्या आणि औषधाच्या दुकानांत विचारत मी अर्धा दिवस घालवला. कुठेही मिळालं नाही.