पडलेल्या बंधाऱ्याचं सर्टिफिकेट

२६ जानेवारीला गावाकडं गेलतो. झेंडावंदन सव्वासातला, म्हणून पहाटे पाचच्या आधीच गोकुळ शिरगावातनं गाडी काढली, म्हटलं एवढ्या लवकर रस्ता मोकळा असंल, तर कसला मोकळा, परितेच्या अलीकडंच उसाचे दोन ट्रॅक्टर पुढं, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि टेपवर गाणं एवढं मोठ्यानं की पुढच्या गावाला अलार्म लावायची गरज नाही. पोचलो तेव्हा प्रभातफेरी मारुतीच्या देवळापर्यंत आली होती.

शाळा जिल्हा परिषदेची, राधानगरी तालुक्यातली, पहिली ते सातवी. पटावर साठ-पासष्ट पोरं आणि शिक्षक तीन, त्यातले एक मुख्याध्यापक, म्हणजे वर्गावर दोनच धरा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढं कळंलच.

झेंडा झाला, लेझीम झाली (हलगी वाजवणारा पोरगा पाचवीतला, त्याचा आजा जोतिबाच्या यात्रेत वाजवायचा, हात तसाच पडतोय, नाद खुळा), मग भाषणं. एका पोरानं शाहू महाराजांवर भाषण केलं. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोरगं शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. हे भाषण आम्ही पण पाठ करून म्हणायचो, आणि 'एक रुपया दंड' म्हणताना बोट वर करायचं, हे पण तसंच. एवढ्या वर्षांत ते बोट काय बदललं नाही बघा.

व्हरांड्यात गुणवत्ता फलक आहे, निळ्या पाटीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं. स्कॉलरशिपला लागलेली नावं, खाली नवोदयला कागलला गेलेली. बाहेरच्या लोकांना कळायचं नाही, पण आमच्या भागात स्कॉलरशिप म्हणजे घरात लग्न निघाल्यासारखं असतंय. जादा तास, रविवारी सराव पेपर, पोराला टीव्ही बंद म्हणून अख्ख्या घराला टीव्ही बंद. माझ्यावेळी चौथीला आणि सातवीला असायची, मी दोन्हीला बसलो, दोन्हीला हुकलो, आणि त्या फलकावर माझं नाव नाही हे आमची आई अजून कुठल्याही विषयात काढू शकते. गॅस संपला तरी.

फलकाच्या सगळ्यात खाली आता ताज्या रंगात स्वप्निल कुसाळेचं नाव आहे. तो ह्या शाळेचा नाही, कांबळवाडीचा. पण तालुका आपला, वडील शिक्षक, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलला ब्राँझ घेतलं म्हटल्यावर कोण कुठल्या शाळेचा हे बघत बसायचं का? त्या आठवड्यात गावातल्या एका पण पोराच्या हातात बॅट नव्हती म्हणे, सगळ्यांच्या हातात तुरकाट्या, आणि आडवं पडून नेम.

तर भाषणं झाल्यावर मुख्याध्यापक ऑफिसातनं एक फ्रेम घेऊन आले. जलसंधारणात उल्लेखनीय काम केल्याबद्दल शाळेला सर्टिफिकेट मिळालंय, केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत दिलं. शाळा समितीच्या अध्यक्षांनी ते दोन्ही हातांनी वर धरलं, टाळ्या झाल्या, मी पण वाजवल्या. पुतणी सातवीत आहे, लेझीम ठेवून माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. ती हळूच म्हणली, "काका, ते पडलेल्या बंधाऱ्याचं हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तो पडला. दुसरा आम्ही घातला. मीच गेलतो की मापं घ्यायला."

(कोल्हापूरच्या बाहेरनं वाचणाऱ्यांसाठी, आमच्याकडं पोरी 'मी गेलतो, मी आलतो'च म्हणतात, व्याकरणाच्या पेपरात मार्क जातात, जाऊ देत.)

मग चहा पिता पिता, थोडं तिच्याकडनं, थोडं गुरुजींकडनं, सगळं कळलं ते असं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि वरनं मेसेज आला, प्रत्येक शाळेनं श्रमदानातनं एक बंधारा घालायचा आणि फोटो टाकायचा, लोकेशनसकट, शुक्रवारपर्यंत. मेसेज आला बुधवारी. आता बंधारा हा काय आमच्या भागाला नवीन विषय नाही. केटी बंधाऱ्याला पुस्तकात 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात ते उगाच नव्हं. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचेत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं, पुढच्या पावसाच्या आधी काढून ठेवायचे. नदीवर तसा आहे. पण शाळेमागच्या ओढ्याला काहीच नाही, ते पाणी दिवाळीनंतर महिनाभर वाहून जातंय आणि फेब्रुवारीत तिथं पोरं क्रिकेट खेळतात.

ओढ्यावर घालायचा तो वनराई बंधारा. सिमेंटची, खताची रिकामी पोती आणायची, माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि ओढ्यात आडवी रचायची. ऐकायला सोपं. शुक्रवारी सकाळी सगळी शाळा ओढ्यात, गावातली चार माणसं, सरपंच, पोरांच्या डोक्याला टोप्या. सव्वाशे पोती जमली होती पण दाभण एकच, त्यामुळं निम्म्या पोत्यांची तोंडं नुसती मुरगळून खाली दाबली. पोती अर्धवट भरलेली, वाळूवरच ठेवलेली, एकावर एक सरळ, जशी रेशन दुकानात थप्पी मारतात तशी. साडेअकराला पाणी तुंबल्यासारखं दिसायला लागलं. तेवढ्यात फोटो. लांबनं एक, जवळनं एक, सरपंच पोतं उचलताना एक. दुपारी खिचडी खाऊन पोरं वर्गात.

मंगळवारी बंधारा गेला. फुटला सुद्धा नाही, तेवढा पण मान नाही, खालनं वाळू सरकली, मधली चार पोती बसली, मग कडंची कलंडली. आणि गुरुवारी पेपरात तालुक्याच्या पानावर बातमी, विद्यार्थ्यांच्या श्रमदानातून बंधारा, फोटोसकट. पोरांनी ते कात्रण नोटीस बोर्डवर लावलेलं बघितलं आणि खिडकीतनं ओढा पण बघितला. पुतणी म्हणते, एक पहिलीतला पोरगा गुरुजींना जाऊन विचारून आला, "गुरुजी, पेपरातला बंधारा कुठल्या गावचा?"

मला राग आला होता ऐकून, खोटं कशाला बोलू. गुरुजींना म्हटलं, फोटोसाठी कशाला करायचं मग. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "तुम्ही एक आठवडा इथं बसून बघा. फोटो नाही टाकला तर केलंच नाही म्हणून धरतात. पोषण आहाराची माहिती, हजेरी, झाडं लावली त्याचे फोटो, हात धुतले त्याचे फोटो. दोन वर्ग शेजारी शेजारी बसवून मी एकाला गणित घालतो आणि दुसऱ्याला शुद्धलेखन, आणि तेवढ्यात फोन वाजतो." हे पण खोटं नाही. आणि दुसऱ्या बंधाऱ्याला सुतळी, चार दाभणं त्यांनीच खिशातनं आणली होती, ते त्यांनी सांगितलं नाही, पुतणीनं सांगितलं.

दुसरा बंधारा ठरवून झालाच नाही. सहावी-सातवीची सात-आठ पोरं शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ओढ्यात पोहायला गेली, म्हणजे पोहायला काय, पाणी गुडघ्याएवढं, आणि पडलेली पोती बाहेर ओढायला लागली. वरच्या बांधावर एक आबा म्हसरं घेऊन बसले होते. आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस, आता गुडघे गेलेत. थोडा वेळ बघितलं आणि मग ओरडले, "आरं, पाया न काढता भिंत उभी करतासा व्हय रं?"

तिथनं पुढं दोन शनिवार आणि मधले काही दुपार-तिपार आबांनी बांधावर बसूनच काम करून घेतलं. आधी वाळू काढायला लावली, खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत, फूट-सव्वाफूट गेलं. दोन्ही काठांत पण आत खणून घेतलं, नाहीतर पाणी कडंनं वाट काढतंय. पोतं पाऊणच भरायचं, गच्च भरलं की दगडासारखं गोल होतंय, बसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं सांधेमोड, खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर वरचं पोतं आलं पाहिजे, विटेसारखं. मधल्या फटीत चिकणमाती पायानं तुडवून. खाली रुंद, वर निमुळतं. आणि मधोमध एक पोत्याएवढा भाग खालीच ठेवायचा, जादा पाणी तिथनं जाऊ दे, कडा खाऊ नये म्हणून. पुतणी हे सगळं मला असं सांगत होती की जणू तिनंच गवंडीकामाचा कोर्स केलाय, 'सांधेमोड' शब्द तर तिनं चार वेळा वापरला.

तोंड शिवायचा प्रश्न होताच. तो सोडवला एका पोरानं जो ह्या शाळेचा म्हटलं तर आहे आणि म्हटलं तर नाही. बीडकडनं ऊसतोडीची टोळी आलीय, गावाच्या खालच्या अंगाला खोप्या आहेत, त्यातला. अशा पोरांना शिक्षण हमी कार्डावर इथल्या शाळेत बसवून घेतात, हंगाम संपला की ती परत जातात. सहावीत बसतो, पहिले पंधरा दिवस एक शब्द बोलला नव्हता म्हणे. त्यानं सुतळी नाही, दाभण नाही, उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, घेतलं, पीळ दिला आणि मोळी बांधतात तसं पोत्याचं तोंड आवळून टाकलं. एका पोत्याला किती वेळ, आपण जांभई देतो तेवढा. पोरं बघत राहिली. मग दुसऱ्या शनिवारी सगळ्यांची स्पर्धा, तोच अंपायर. मी विचारलं, मग आता बोलतोय का? पुतणी म्हणली, "लै बोलतोय. आता गप बस म्हणायला लागतंय."

पहाटे आईबापाबरोबर फडात जाऊन वाढं गोळा केल्याशिवाय असा हात बसत नाही, हे मला तिथंच कळलं, आणि चहा जरा कडू लागला. पण ते पोरांना मी काय बोललो नाही.

चहा झाल्यावर ओढ्यावर गेलो. बंधारा आहे. काही फार मोठं नाही, दोन माणसं आडवी झोपली तर एवढी रुंदी, कमरेएवढी उंची. पण मागं पाणी आहे, वरच्या बाभळीपर्यंत, आणि जानेवारी संपत आलाय. दोन बायका धुणं धूत होत्या, त्यातली एक म्हणली, गेल्या वर्षी ह्या वेळेला नळ येण्याची वाट बघत बसायला लागायचं. वरच्या विहिरीला पण पाझर वाढला असं विहीरवाला म्हणतोय, आता तो तसा कायम काहीतरी म्हणतच असतो, ते सोडून देऊ.

सवयीनं मी मोबाईल काढला. ह्या पोस्टला एखादा फोटो हवाच की. तर पुतणीनं हातच धरला.

"न्हाई काका. ह्याचा फोटो काढायचा न्हाई. गेल्या वेळी काढला आन् पडला."

बाकीच्या पोरांनी पण माना हलवल्या, एकदम गंभीर. म्हणजे आबांनी एवढा पाया, मुरूम, सांधेमोड शिकवून शेवटी पोरांच्या मते बंधारा पडायचं कारण फोटो. मी मोबाईल खिशात घातला. म्हणून इथं फोटो नाही.

त्याऐवजी तिनं वही दाखवली. पाण्यात एक काठी रोवलीय, फूटपट्टी लावून खुणा केलेली, आणि रोज दुपारच्या सुट्टीत एकानं जाऊन मापायचं, पाळी लावलीय. शंभर पानी वही, वर ऊस कारखान्याच्या कॅलेंडरचं कव्हर. अक्षर रोज वेगळं. मी उभ्या उभ्या चाळली. '२ डिसेंबर, ५२ सेमी.' '९ डिसेंबर, ५२. बेडूक.' '२० डिसेंबर, ४९. चिखल भरला डाव्या बाजूला.' '१४ जानेवारी, मोजलं नाही, संक्रांत.' शेवटची नोंद दोन दिवसांपूर्वीची, त्या बीडच्या पोराच्या पाळीची, अक्षर मोठं आणि एकदम सरळ:

'२४ जानेवारी. म्हैस पाण्यात बसली. काठी मोडली. म्हैस उठल्यावर नवीन लावतो.'