पितळाने जोडलेली सायकल फ्रेम: आधी नळीचं तोंड घासा

हाताने स्टीलची फ्रेम बनवायची म्हटलं की सगळ्यांची नजर गॅसच्या ज्योतीकडे जाते. फ्रेम सरळ राहणार की वाकडी, हे मात्र त्याआधी कानशीनेच ठरलेलं असतं. नळीचं तोंड समोरच्या नळीच्या गोलाईवर नीट बसलं नाही, तर जिथे फट मोठी तिथे पितळ जास्त भरतं. गार होताना ते आकसतं आणि नळीला त्या बाजूला ओढतं.

नळ्या 4130 क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलच्या, घ्याव्यात. सीटची आणि वरची आडवी नळी 28.6 मिमी, खालची तिरपी 31.8 आणि हँडलची 36 मिमी. बटेड नळी म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये पातळ: भिंत टोकांना 0.8 आणि मध्ये 0.5 मिमी असते. चालवणारा वजनदार असेल किंवा सामान लादायचं असेल, तर 0.9-0.6-0.9 घ्या. जाड भाग कुठे संपतो हे कापण्याआधी पाहून खूण करा. भलत्या टोकाकडून कापलं तर जोड पातळ पत्र्यावर येतो, आणि पुढे तिथेच भेग पडते.

आता तोंड घासणं. आधी 1:1 मापाचं रेखाटन हवंच. त्यावरून कागदी साचा काढून नळीभोवती गुंडाळा, रेघ मारा आणि रेघेच्या 2 मिमी बाहेरून हॅकसॉने कापा. नळी व्हाइसमध्ये थेट धरू नका, खाच असलेल्या लाकडी ठोकळ्यांत धरा. 0.5 मिमीची भिंत दाबली की चेपलीच. मग अर्धगोल कानस. तिची गोलाई 18 मिमी त्रिज्येपेक्षा थोडी लहान असावी, नाहीतर हँडलच्या नळीला फक्त मधला भाग टेकतो आणि कडांना फट राहते. दर चार-पाच हातांनी नळी लावून पाहा, मागून बॅटरी धरा. उजेडाची रेघ दिसेल तिथे टेकलेलं नाही, म्हणजे बाकीचा भाग घासायचा. दोन्ही टोकांची तोंडं एका रेषेत यावीत म्हणून नळी लोखंडी अँगलमध्ये ठेवून कडेने लांब रेघ मारून घ्या. हे राहिलं तर फ्रेमला पीळ बसतो.

जोडाच्या आसपास 25 मिमी पट्टा आतून-बाहेरून पॉलिश पेपरने चकचकीत करा, अ‍ॅसिटोनने पुसा, मग फ्लक्स (तापलेल्या स्टीलवर गंज धरू न देणारा लेप) लावा. बंद होणाऱ्या प्रत्येक नळीला 3-4 मिमीचं भोक हवं, नाहीतर तापलेली हवा वितळलेल्या पितळातून बुडबुडे काढत बाहेर येते.

पहिला जोड सीटची नळी आणि बॉटम ब्रॅकेटचा (पॅडलचा आस बसतो ते कवच), कारण पुढची सगळी मापं त्यावरून घ्यायची. चार ठिकाणी पितळाचे छोटे टाके मारा, काटकोन तपासा, मगच पूर्ण भरा. बॉटम ब्रॅकेटचं कवच जाड, नळी पातळ. म्हणून ज्योतीचा मोठा वाटा कवचावर ठेवायचा. फ्लक्स आधी पांढरा फुगतो, मग काचेसारखा पातळ होतो. स्टील मंद नारिंगी झालं, म्हणजे साधारण 870 ते 900 अंश सेल्सिअस, की पितळाची सळई टेकवा. पितळ उष्णतेकडे धावतं. त्याला ज्योतीने मागे ओढत न्यायचं. ते गोळी होऊन बसलं तर स्टील थंड आहे. पांढरा धूर निघाला तर जस्त उडतंय: जोडात बारीक छिद्रं पडणार, आणि तो धूर छातीतही जाणार, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा. जास्त तापलेल्या स्टीलवर ताण असेल तर पितळ त्याच्या कणांमध्ये शिरतं आणि भेग पडते. त्यामुळे लाल असताना फ्रेम जोर लावून सरळ करायची नाही.

गार होऊ द्या आपोआप, पाणी ओतू नका. नंतर गरम पाण्यात फ्लक्स विरघळतो. काळा, काचेसारखा घट्ट चिकटलेला फ्लक्स म्हणजे तिथे आच जास्त झाली.

उष्णतेने बॉटम ब्रॅकेटचे आटे थोडे आवळतात; 1.37 इंच व्यासाच्या, इंचाला 24 आट्यांच्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) ते साफ करा. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे विसरू नका. सीटचा दांडा आवळण्यासाठी सीटच्या नळीला जी चीर देतात, तिच्याखाली गोल भोक पाडाच, नाहीतर चीर तिथून पुढे फाटत जाते.

कोकणातल्या दमट हवेत फ्रेम आतून गंजते. रंग झाल्यावर नळ्यांमध्ये जवसाचं उकळलेलं तेल घालून फ्रेम चारी बाजूंनी फिरवा आणि निथळू द्या. मागच्या बारीक नळ्यांत ते तेल जातं ते आधी पाडलेल्या त्याच भोकांतून.