एका दिवसात वासोटा आणि नागेश्वर, दोन्ही होतील का?

साताऱ्यात राहणारा माणूस डोंगरात फिरतो हे एकदा लोकांना कळले की दिवाळीनंतर त्याच्याकडे हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वासोट्याचा किल्ला आणि नागेश्वराची गुहा, ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. चालण्याची सवय असेल आणि पहाटेच घर सोडले असेल, तर त्यात अशक्य असे काही नाही. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने नागेश्वराचा नाद सोडून एकट्या वासोट्यालाच जावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी वेळेचे गणित पाहू. साताऱ्याहून कास पठारावरून बामणोली सुमारे 35 किलोमीटर आहे, पण रस्ता वळणांचा असल्याने तास-सव्वा तास सहज जातो. बामणोलीत वन विभागाची परवानगी घेऊन बोट ठरवायची, आणि मग कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून पायथ्यापर्यंत तास-दीड तासाचा प्रवास करायचा. पायथ्याला, मेट इंदवलीजवळ, सामानाची तपासणी होते; जवळच्या प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून नोंदवल्या जातात आणि परतताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. कोयना अभयारण्याचा हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येत असल्याने येथे मुक्कामाला परवानगी नाही आणि उजेड असतानाच बोटीत परत बसावे लागते. म्हणजे एवढ्या लांबून येऊनही जंगलात प्रत्यक्ष मिळतात ते जेमतेम पाच-सहा तास. त्यात वासोट्याच्या चढाला साधारण दोन तास लागतात. नागेश्वर जोडायचा ठरवला की उरलेला सगळा वेळ घड्याळाकडे पाहण्यात जातो, आणि घाई नेमकी त्या टप्प्यात होते जेथे थांबायला हवे.

तो टप्पा म्हणजे ओढा ओलांडल्यापासून झाडी संपेपर्यंतची वाट. वासोट्याची खरी श्रीमंती माथ्यावर नसून या वाटेवर आहे, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा अशी झाडे एकमेकांत इतकी मिसळली आहेत की भर दुपारीही ऊन जमिनीपर्यंत तुकड्यातुकड्यानेच पोहोचते. गारंबीचे वेल मांडीएवढे जाड होऊन एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेले असतात आणि त्यांच्या हातभर लांब, लाकडासारख्या कठीण शेंगा डोक्यावर लोंबत असतात. पायाखाली पाचोळ्याचा थर असतो. तो काठीने थोडा बाजूला केला तर खालची माती हिवाळ्यातही ओलसर लागते. पावसाळ्यात याच मातीतून जळवा पायांवर चढतात, पण त्या दिवसांत जंगल पर्यटकांसाठी बंद असते आणि ते तसेच असावे.

शेकरू पाहायचे असेल तर वर बघत चालून उपयोग नाही. वाटेवर कुरतडलेल्या फळांची ताजी टरफले पडलेली दिसली की तेथेच गप्प उभे राहावे. थोड्या वेळाने आणखी एखादा तुकडा खाली पडतो आणि मग नजर बरोबर त्या फांदीवर जाते: तांबूस-तपकिरी पाठ, पिवळट पोट आणि अंगापेक्षा लांब, झुपकेदार शेपूट. त्याची पानाकाटक्यांची घरटी बारीक फांद्यांच्या टोकाला असतात, कारण जड शत्रूला तेथवर पोहोचता येत नाही. शिवाय एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधून ठेवते. गोंगाट करणारा गट आला की ते खडखडल्यासारखा आवाज काढून दूर निघून जाते, आणि त्याच्या इशाऱ्याने आसपासची पाखरेही सावध होतात. दोन्ही ठिकाणे ‘करायला’ निघालेल्या गटांना हे जंगल दिसतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

झाडी संपली की कारवी आणि गवताचा उघडा चढ लागतो, त्यानंतर पायऱ्या आणि दरवाजांचे अवशेष. वर छप्पर नसलेले मारुतीचे देऊळ, महादेवाचे मंदिर आणि पाण्याचे टाके आहे. शिवकाळात येथे इंग्रज कैदी ठेवले होते आणि पेशवाईच्या अखेरीस साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्यातील मंडळींनाही येथेच अडकवून ठेवले होते. खालचे जंगल पाहिल्यावर तुरुंगासाठी हाच गड का निवडला असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पश्चिमेच्या कड्यावर मात्र निवांत बसावे. समोर कोकण एकदम खाली उतरते, आणि बाबूकड्याचा घोड्याच्या नालेसारखा वळलेला काळा कातळ पाहताना सह्याद्रीची उंची पहिल्यांदा नीट समजते. येथे पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. कड्याच्या पश्चिमेचे पाणी ओढ्यांतून थेट अरबी समुद्राकडे उतरते, तर पूर्वेचे पाणी कोयनेतून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जावे, अशी निसर्गाची योजना. कोयना प्रकल्पाने त्यातले पुष्कळसे पाणी वीजनिर्मितीसाठी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला वळवले, आणि ते आता वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रालाच मिळते. पाठीमागे जलाशय आणि पुढ्यात कोकण, असे दोन्ही पाहत ही गोष्ट उमजून घ्यायला अर्धा तास तरी हवा.

नागेश्वर कमी प्रतीचा आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. सुळक्याच्या पोटातली ती गुहा आणि त्यातले शिवलिंग यांच्यासाठी महाशिवरात्रीला कोकणातल्या चोरवण्याहून आणि आपल्या बाजूनेही भाविक चढून येतात. त्या स्थानाला अर्धवट वेळ देणे योग्य नाही, म्हणून त्यासाठी वेगळा दिवस काढावा.

तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधला, शक्यतो सुट्टीचा नसलेला दिवस निवडा. चार-पाच जणांपेक्षा मोठा गट नको. पाणी धातूच्या बाटलीत आणि जेवण डब्यात घ्या. बामणोलीत बोट ठरवतानाच फक्त वासोट्याला जायचे आहे असे स्पष्ट सांगा आणि परतीची वेळ शक्य तितकी उशिराची, पण उजेडातली, ठरवून घ्या.